गोठ्याचें ऋण

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे त्याचा इतिहास लिहून काढण्याची आपणांकडे चाल आहे, आणि ती स्तुत्यच आहे. देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला गेला, घंटा कोणाच्या कारकीर्दींत आली, शाळेला आरंभ कोणीं केला, ह्या गोष्टी दप्तरांतून शोधून स्मरणिकेंत छापल्या म्हणजे पुढील पिढीस त्या उपयोगीं पडतात. परंतु ज्या पैशानें पाया भरला, घंटा चढविली व शाळेचीं कौलें फिरविलीं तो पैसा कोणाच्या हातांनीं मिळविला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या वसईच्या किनारपट्टीपुरतें बोलावयाचें तर त्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें वाडींत आणि गोठ्यांत सांपडतें.

संपादकमंडळानें जुन्या शेतकरी जीवनावर कांहीं लिहिण्याविषयीं आम्हांस सुचविलें, तेव्हां आम्हीं आमच्याच घरचा गोठा विषय म्हणून निवडला. ह्यांत आत्मप्रौढीचा हेतु नाहीं. हा वृत्तांत आमच्या घराण्याच्या मोठेपणाचा नसून एका देण्याचा आहे, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

प्रथम वाडी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कारण आजच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं वाडी पाहिली आहे ती इमारतींच्या मागील बाजूस उरलेली. समुद्र आणि भातखाचरें ह्यांच्या मधल्या पट्ट्यांत, गोड्या पाण्याच्या विहिरींच्या आधारें, आपल्या पूर्वजांनीं केळी, पानवेली, ऊंस व भाजीपाला पिकविला. राजेळी केळ्यांची सुकेळी तर वसईच्या नांवानें दूरवर ओळखली जात. विहिरीखेरीज ठिकठिकाणीं बावखलें असत. बावखल म्हणजे वाडीच्या खोलगट भागांत खणलेलें उघडें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठे व हळूहळू जमिनींत मुरून आसपासच्या विहिरी गोड्या ठेवी. इ. स. १५३४ मध्यें येथें पोर्तुगीजांचा अंमल आला, १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसईचा किल्ला घेतला, त्यानंतर इंग्रज आले; राज्यें बदललीं, पण वाडींतील पाण्याची ही व्यवस्था चालूच राहिली.

ह्या व्यवस्थेचा कणा म्हणजे जनावर. विहिरीवरचा रहाट रेडा अथवा बैल ओढी. डोळ्यांवर झापड बांधलेलें तें मुकें जनावर पहाटेपासून गोल फिरत राही आणि लोट्यांची माळ भरून वर येऊन पाटांत रिकामी होत असे. रहाटाची कुरकुर बंद पडली तर घरांतील निजलेलें माणूस जागें होई, इतकी ती कानांस संवयीची झालेली असे. भाताचा पेंढा म्हशीच्या गव्हाणींत जाई. म्हशीचें शेण केळीच्या व पानवेलीच्या मुळाशीं जाई. उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या चुलींत जात आणि चुलीची राख पुन्हां वाडींत. एक मोठी म्हैस दिवसास पंधरा-वीस किलो शेण टाकते. पांच-सहा म्हशी दारीं असल्या म्हणजे लहानशा वाडीस बाहेरचें खत फारसें विकत घ्यावें लागत नसे. म्हणून पूर्वीं म्हैस ही दुधासाठीं जितकी तितकीच खतासाठीं पाळली जाई. दूध घरच्यापुरतें, आणि राहिलेल्याचें तूप.

ह्या हिशेबांत पालट केला तो आगगाडीनें. बी. बी. सी. आय. रेल्वेचा मार्ग १८६४ सालीं मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोंचला, आणि १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. चर्चगेटपासून सुमारें ५२ किलोमीटर दूर असलेली वसई एकाएकीं मुंबईच्या परसांत आली. पहाटे काढलेली धार सकाळच्या चहाच्या वेळीं वांद्र्याच्या घरांत पोहोंचूं लागली. आपल्या समाजांतील पुष्कळ पुरुष दूधवाले झाले. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा सहा ते आठ, गाईच्या दुधांत चारच्या आसपास. मुंबईच्या गिऱ्हाइकांस म्हशीच्या दुधाची दाट साय रुचली, आणि वसईची म्हैस खतासाठीं पाळलेली न राहतां रतिबासाठीं पाळलेली झाली.

आमच्या पणजोबांनीं गोठा बांधला, तो ह्याच काळांत. भिंती कुडाच्या, वर पेंढ्याचें छप्पर, खालीं दगडांची फरसबंदी, आणि शेण-मूत वाहून जाण्यास उतार. दावणीला सहा म्हशी, रहाटाला एक रेडा, आणि लहानमोठीं पारडीं. ह्याहून आमचा गोठा कधीं मोठा झाला नाहीं. १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची सांथ आली तींत आमचे आजोबा गेले. त्या वेळीं आजीचें वय जेमतेम बावीस वर्षांचें. पदरीं चार वर्षांची मुलगी व एक वर्षाचा मुलगा. ती मुलगी आमची आत्या व तो मुलगा आमचे वडील. म्हशी विकून माहेरीं जा, असा सल्ला आजीस पुष्कळांनीं दिला. आजीनें एवढेंच उत्तर दिलें म्हणतात, कीं चंद्री गाभण आहे, ती व्याल्यावर पाहूं. चंद्री व्याली, आणि त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ तो गोठा रिकामा झाला नाहीं.

त्या गोठ्याचा दिवस रात्रीच्या तीन वाजतां उजाडे. आजी कंदील घेऊन आधीं जाई. आत्या सात-आठ वर्षांची झाल्यापासून तिच्या मागून जाऊं लागली. शेण ओढणें, म्हशींचीं आंचळें कोमट पाण्यानें धुणें, पारडूं सोडून पान्हा आणविणें, मग धार. आमच्या घरीं एक नियम होता कीं एक सड पारडाचा. उरलेल्या तिहींचें दूध कासंडींत पडे. नवीन मनुष्य जवळ गेल्यास म्हैस पान्हा चोरते. म्हणून आजी व आत्या ह्या दोघींखेरीज धारेला तिसरा हात लागत नसे. एखादें पारडूं मेलें तर त्याचें कातडें पेंढ्यानें भरून तें आईपुढें ठेवीत. ती तें चाटी आणि दूध देई. मुंबईच्या कित्येक तबेल्यांत अशा वेळीं फुका घालण्याची क्रूर रीत होती. १९६० च्या प्राणिसंरक्षणाच्या कायद्यांत ती गुन्हा म्हणून नमूद आहे. आमच्या आजीस त्या कायद्याची गरज कधींच पडली नाहीं.

साडेचारपर्यंत दूध गाळून भांडीं बांधलीं म्हणजे आमचे चुलत आजोबा तीं घेऊन दोन कोसांवरील स्टेशनाकडे निघत. पुढें बाबा वयांत आले व रतीब त्यांच्याकडे आला. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत येऊं लागली, तेव्हां बाबा एकोणीस वर्षांचे होते. वाफेची गाडी जाऊन विजेची आली त्या दिवसाचें वर्णन ते आम्हांस मोठ्या हौसेनें सांगत. गाडींतील गर्दी, डब्यांतील भजनें व भांडणें, वांद्र्याच्या बाईंची तक्रार, हें सर्व आम्हीं लहानपणीं ऐकलें. गोठ्यांतील गोष्टी मात्र आम्हांस कोणीं सांगितल्या नाहींत. पुरुषांच्या कामाची कथा होते आणि स्त्रियांच्या कामाची संवय होते, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

दूध स्टेशनाकडे गेलें तरी गोठ्याचें काम संपत नसे. सरकी भिजविणें, पेंड फोडणें, आंबोण शिजविणें, वैरण घालणें, दुपारीं म्हशींना बावखलावर नेणें. म्हशीच्या कातडीस घाम थोडा येतो, म्हणून उन्हाळ्यांत तिला डुंबावयास मिळालें नाहीं तर ती दूध कमी देते. आत्या कांठावर बसून गोवऱ्यांसाठीं भुसा निवडी व म्हशींवर नजर ठेवी. संध्याकाळीं पुन्हां धार. रात्रीं अंथरुणास पाठ टेंकावी तों एखादी म्हैस अडलेली. असें वर्षाचे ३६५ दिवस. म्हशीला रविवार नाहीं आणि सणहि नाहीं.

येथें एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे, कारण तरुण वाचकांस ती ठाऊक नसण्याचा संभव आहे. १९५३ पर्यंत ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यानें मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि घ्यावयाचा नसे. पोप बारावे पायस ह्यांनीं त्या वर्षीं पाण्याची मोकळीक दिली, आणि १९५७ सालीं अन्नाचा उपवास तीन तासांवर आणला. त्याआधीं संध्याकाळची मिस्साहि साधारणतः नसे. तेव्हां आजी व आत्या रविवारीं तीन वाजतां उठून, कोरड्या तोंडानें सहा म्हशींच्या धारा काढून, दूध गाळून, मग पहिल्या मिस्सेस धांवत. हातांतून वाहणाऱ्या त्या दुधाचा घोट त्यांनीं त्या सकाळीं घेतला नाहीं, हा त्यांचा उपवास. उशीर झाला तर त्या देवळाच्या मागच्या दाराशीं उभ्या राहत. अंगाला गोठ्याचा वास येतो म्हणून पुढें जात नसत, असें आत्यानेंच आम्हांस सांगितलें. शब्बाथ दिवशींहि बैलाला गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतात, हें उदाहरण प्रभूनें स्वतः दिलें आहे. त्या दाराशीं उभ्या असलेल्या दोघींस तें कोणीं समजावून सांगितलें होतें किंवा नाहीं, कोण जाणे.

गोठ्याचें वर्ष समजल्यावांचून त्याची विवंचना कळणार नाहीं. म्हैस थंडीच्या सुमारास फळते व सुमारें ३१० दिवस गाभण राहते; त्यामुळें बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धांत व त्यानंतर व्यातात. व्याल्यावर पहिल्या चिकाचा खरवस शेजारीपाजारीं वांटला जाई, आणि मग नाताळापर्यंत दूधच दूध. पुढें चैत्र-वैशाखांत तें आटतें. परंतु मुंबईच्या गिऱ्हाइकास ऋतु नाहीं. त्याला मे महिन्यांतहि तितकेंच दूध पाहिजे, आणि एकदां रतीब तुटला कीं तो दुसऱ्याकडे जातो. तेव्हां उन्हाळ्यांत दूध कमी व पेंड महाग, आणि रतीब राखण्यासाठीं शेजाऱ्याचें दूध चढ्या दरानें घ्यावयाचें, हा दरवर्षींचा पेंच. दुधांत पाणी घालणें हा त्यांतून सुटण्याचा सोपा मार्ग पुष्कळांस ठाऊक होता. आजीनें तो स्वीकारला नाहीं. उन्हाळ्यांत गळ्यांतील सोनें सावकाराकडे जाई आणि दिवाळीच्या सुमारास परत येई. एके वर्षीं तें परत आलें नाहीं.

भाकड म्हशीचा प्रश्न ह्याहून कठीण. मुंबईच्या तबेल्यांत भाड्याची जागा व विकतची वैरण. तेथें आटलेली म्हैस सांभाळणें परवडत नसे, म्हणून उत्तम जातीच्या म्हशी एका वेताच्या दुधानंतर कसायाकडे जात. घरचा गोठा येथेंच वेगळा पडतो. घरीं पेंढा होता, बावखल होतें, वाडीला शेण पाहिजे होतें. म्हणून आमच्या आजीची भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत दावणीलाच राही. पारडी जन्मल्यापासून व्यावयास साडेतीन-चार वर्षें लागतात. इतकीं वर्षें जिचें दूध नाहीं तिला खाऊं घालण्यास जो धीर लागतो तो धीर हेंच लहान गोठ्याचें भांडवल. हें भांडवल कोणत्याहि पेढींत मिळत नाहीं आणि कोणत्याहि वहींत लिहिलेलें सांपडत नाहीं.

आणि रोग. बुळकांडीचें नांव काढलें कीं आजी क्रूसाची खूण करी. ज्वर, तोंडांत व्रण, मग पातळ हगवण, आणि आठवड्याच्या आंत निरोगी जनावर आडवें. तिच्या हयातींत आमचा गोठा एकदां निम्मा झाला. परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ पासून होतें. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेंत १९२७ च्या सुमारास बुळकांडीवर लसहि सिद्ध झाली. परंतु वाडींतील विधवेच्या गोठ्यापर्यंत ती पोहोंचण्यास फार वर्षें लागलीं. १९५४ सालीं देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली तेव्हां लस टोंचणारे खेडोपाडीं फिरूं लागले. भारत २००६ सालीं ह्या रोगांतून मुक्त ठरला व २०११ सालीं सर्व जगांतून त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. मानवजातीनें समूळ नाहींसा केलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. आजी व आत्या ह्या दोघींनाहि ही वार्ता ऐकावयास मिळाली नाहीं.

आतां पैशाकडे वळूं. दूध स्त्रियांनीं काढलें, पण तें विकलें पुरुषांनीं. म्हणून महिन्याची रक्कम पुरुषांच्या हातीं आली. रतिबाची वही बाबांची. सोसायटीचें कर्ज बाबांच्या नांवें. सातबाराच्या उताऱ्यावर प्रथम चुलत आजोबांचें व नंतर बाबांचें नांव. महायुद्धापूर्वीं आपल्या देवळांत नव्या लाद्या बसविल्या, त्या वेळीं देणगी देणाऱ्यांचीं नांवें कोरलेली शिळा आजहि भिंतींत आहे. तींत आमच्या घराचें नांव आहे, आणि तेंहि बाबांचेंच. ती देणगी दोन पारड्या विकून दिली होती. त्या पारड्या जन्मापासून चार वर्षें आत्यानें वाढविल्या होत्या. एकीच्या पायाला जखम झाली तेव्हां तिनें पंधरा रात्री गोठ्यांत निजून काढल्या. बाबा हें कधीं नाकारीत नसत. विचारल्यास मोकळेपणानें सांगत. परंतु शिळेवर काय कोरावें हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं आणि त्यांनींहि आपणहून सांगितलें नाहीं.

आत्येचें लग्न झालें नाहीं. स्थळें आलीं होतीं. एकदां दिवस ठरण्याची वेळ आली, त्या वर्षीं चार म्हशी व्यावयाच्या होत्या आणि आजीचा उजवा हात दुखूं लागला होता. पुढच्या वर्षीं पाहूं, असें ठरलें. पुढचें वर्ष आलें तेव्हां विषय निघाला नाहीं.

ह्या घरांत आम्ही चार भावंडें वाढलों, व सर्व शिकलों. शाळेची फी, पुस्तकें, मुंबईच्या कॉलेजचा खर्च, सर्व दुधाचें. आम्हीं स्वतः कधीं धार काढली नाहीं. आमच्या हातांत पुस्तक असलें कीं आत्या वैरणीची पाटी स्वतः उचली. अभ्यास करणाऱ्याच्या हातांस शेणाचा वास येऊं नये, असें तिचें मत होतें. आम्हीं तें निमूटपणें मान्य केलें, कारण तें सोयीचें होतें.

गोठ्याच्या उतरत्या काळाचीं कारणें थोडक्यांत सांगतों, कारण तीं सर्वांच्या डोळ्यांपुढें घडलीं आहेत. १९४९ पासून गोरेगांवजवळ आरे येथें सरकारी दूध वसाहत उभी राहिली. गुजरातेंतून आणंदचें दूध मुंबईस येऊं लागलें. १९७० सालीं दुधाच्या महापुराची योजना निघाली. शहरास स्वस्त व भरपूर दूध मिळालें ही गोष्ट वाईट नव्हे. आणंदच्या शेतकऱ्यास त्यानें हात दिला, हेंहि खरें. पण सहा म्हशींच्या गोठ्यास बाजारांत बोलण्याचें बळ उरलें नाहीं. इकडे वाडींत विजेचे पंप आले व रहाट थांबले; रेड्याचें काम संपलें. पंपानें पाणी भराभर उपसलें गेलें, पुढें टँकरवाले विहिरींचें पाणी विकूं लागले, आणि कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या. बावखलें बुजवून त्यांवर घरें उठलीं. १९८९ च्या सुमारास हरित वसई संरक्षण समितीनें फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखालीं लोकांस जागें केलें, तेव्हां मोर्च्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनें उतरल्या. त्यांस वाडीचें काय होतें आहे तें पुरुषांआधीं कळलें होतें, ह्यांत आश्चर्य कसलें? पाणी त्याच भरीत होत्या.

आतां त्या देण्याविषयीं. आजी १९७१ सालीं वारली. आजोबांनीं मृत्युपत्र केलेलें नव्हतें. ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेस भारतीय वारसा कायदा लागू होतो. आजोबा गेले तेव्हां तो १८६५ चा होता, पुढें १९२५ चा झाला. त्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. विधवेचा वांटा काढून राहिलेलें सर्व मुलांमध्यें सारखें वांटावयाचें. अर्थात् आजीच्या पश्चात् वाडीचा अर्धा भाग कायद्यानें आत्येचा होता. हें आमच्या घरांत कोणालाहि ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक होतें म्हणूनच १९७२ सालीं हक्कसोडीचा कागद तयार करण्यांत आला.

त्या वेळीं आम्ही चोवीस वर्षांचे, पदवीधर, मुंबईस एका पेढींत कारकून. कागद आत्येस वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं तो स्पष्ट उच्चारांत वाचला. चतुःसीमा वाचल्या, विहीर वाचली, झाडें वाचलीं. ‘स्वखुशीनें’ हा शब्दहि वाचला. आत्येनें सर्व ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला:

“बाळा, ह्यांत म्हशी आल्या का?”

म्हशी आल्या नव्हत्या. कागद जमिनीचा होता. तसें सांगतांच ती म्हणाली, “मग बरें,” आणि तिनें अंगठा उठविला. अंगठ्याच्या रेषा शेणानें व पेंडीनें झिजून गेल्या होत्या. शाई दोनदां लावावी लागली.

आम्हीं तिला फसविलें काय? कागदांत खोटें एक अक्षर नव्हतें. परंतु हा अर्धा वांटा तुझा आहे, तो तूं ठेवूं शकतेस, हें एक वाक्य कागदांत नव्हतें आणि आम्हींहि तें उच्चारलें नाहीं. जो मनुष्य त्याच म्हशींच्या दुधावर वाचावयास शिकला त्यानें आपल्या विद्येचा पहिला उपयोग हा केला.

पुढें १९९१ सालीं, वैरण व मजुरी परवडेना म्हणून, राहिलेल्या तीन म्हशी विकल्या. म्हशी कागदांत नव्हत्या; तरीहि आत्येस कोणीं विचारलें नाहीं. घेणारा टेंपो घेऊन आला तेव्हां तिनें एकेकीचें दावें स्वतः सोडलें, कारण दुसऱ्याच्या हातानें त्या चढल्या नसत्या. त्यानंतर पांच वर्षें ती जगली. तिची सेवा घरांत कोणीं टाळली नाहीं. तिला अन्नवस्त्र, औषध, मान, सर्व मिळालें. पण पहाटे तीन वाजतां तिला जाग येई, आणि ती ओसरीवर बसून राही. १९९६ सालीं ती गेली, तेव्हां तिच्या नांवावर ह्या जगांत कांहीं नव्हतें. दोन वर्षांनीं आपला स्वतंत्र वसई धर्मप्रांत झाला व गांवोगांवीं आनंद झाला. त्याच सुमारास आमच्या वाडीचा रस्त्याकडील तुकडा विकला गेला. त्याच्या किमतींतून आमच्या मुलांचीं घरें झालीं.

पवित्र मातासभेनें १६२२ सालीं, संत इग्नेशियस व संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याच बरोबर, इसिदोर नांवाच्या माद्रिदच्या एका शेतमजुरास संतपद दिलें. त्याची पत्नी मरिया हिलाहि १६९७ सालीं धन्य म्हणून गौरविण्यांत आलें. नवऱ्यामागें पाऊणशें वर्षांनीं का होईना, तिचें नांव लिहिलें गेलें. आमच्या काळांतील पोप संत तेविसावे जॉन हे उत्तर इटलींतील सोत्तो इल मोंते गांवच्या अर्धेलीनें शेती करणाऱ्या कुटुंबांत १८८१ सालीं जन्मले. त्यांनीं १९६१ च्या आपल्या विश्वपत्रांत शेतकरी कुटुंबाच्या मानमर्यादेविषयीं व न्याय्य मोबदल्याविषयीं विस्तारानें लिहिलें. शेतीविषयींच्या त्या उपदेशांत आम्ही एवढीच भर घालूं, कीं न्याय प्रथम घरांत वांटला पाहिजे. बाजारानें गोठ्याला भाव दिला नाहीं अशी तक्रार आम्हीं जन्मभर केली. त्या गोठ्यांत राबणारीला घरानें काय भाव दिला, हें आम्हीं पाहिलें नाहीं.

पापनिवेदनांत क्षमा मिळते, परंतु घेतलेलें परत करण्याचें बंधन त्यानें सुटत नाहीं, हें आपण सर्व धर्मशिक्षणांत शिकलों आहों. ज्याचें परत करावयाचें ती व्यक्तिच राहिली नाहीं, तेव्हां काय करावें? आम्ही भावंडांनीं बसून विचार केला. उरलेल्या वाडींत आमच्या बहिणीचा व आमच्या मुलींचा वांटा कागदोपत्रीं लावून दिला. कोणाकडूनहि हक्कसोड घेतलें नाहीं. त्यासाठीं थोडी कटुताहि सोसावी लागली. हें आत्येस पोहोंचलें असें आम्ही म्हणत नाहीं.

ह्या महोत्सवाच्या निमित्तानें वाचकांस दोन विनंत्या आहेत. पहिली ही, कीं ज्यांच्या घरीं एके काळीं गोठा होता त्यांनीं त्यांत कोण राबत होतें त्या स्त्रियांचीं नांवें आठवून लिहून काढावीं व धर्मग्रामाच्या दप्तरांत द्यावीं. आजी, आत्या, मावशी, वडील सून ह्या नात्यांच्या नांवांनीं नव्हे, तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत आहेत त्या नांवांनीं. दुसरी ही, कीं वसईंत आज जमिनीचे कागद पुष्कळ होतात; बहिणीपुढें असा कागद ठेवण्यापूर्वीं भावानें तो तिला वाचून दाखवावा, आणि जें कागदांत नाहीं तेंहि सांगावें.

आमचा गोठा अजून उभा आहे. छपरावर आतां पत्रा आहे व आंत मोटारसायकल असते. फरसबंदीच्या एका कोपऱ्यांतील दगड मात्र मधोमध खोलगट झालेला आहे. धार काढतांना आजी व तिच्यामागून आत्या तेथें उकिडव्या बसत. पाऊस आंत शिरला म्हणजे त्या जागीं ओंजळभर पाणी सांचतें. तो दगड आम्हीं काढूं दिलेला नाहीं.